नाव घालून सही: लंडनमधला एक आठवडा

सोमवार

खोलीत बॅगा टेकवल्या आणि भाचीनं सगळ्यात आधी मार्कर काढून पलंगावर मांडले. विमानात पेन गळतात हे तिला कोणीतरी सांगितलेलं, म्हणून प्रत्येक पेन वेगळ्या प्लॅस्टिक पिशवीत, आणि आता एकेक टोपण उघडून रद्दी कागदावर रेघ मारून बघायची. एकही गळला नव्हता.

ही पूर्ण ट्रिप सह्यांसाठी आखलेली आहे, जुलैमधला विम्बल्डनचा दुसरा आठवडा मुद्दाम धरलाय, आणि ज्यांना असा प्रवास करायचाय त्यांना उपयोग व्हावा म्हणून रोजचं रोज लिहून ठेवतेय. आधी सामान सांगते कारण निम्मं काम तिथेच होतं. फोटोवर सही हवी असेल तर निळा शार्पी, म्हणजे न पुसणाऱ्या शाईचा मार्कर, काळा नाही, कारण फोटोत काळा कोट किंवा गडद पडदा असला की काळी सही त्यात बुडून जाते. नाटकांच्या प्रोग्रॅमची, म्हणजे थिएटरात मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेची, कव्हरं बऱ्याचदा गडद असतात त्यासाठी चंदेरी पेंट मार्कर, पण तो आधी नीट हलवून, दुसऱ्या कागदावर टोक दाबून शाई खाली आणून ठेवायची, नाहीतर पहिल्याच अक्षराचा गोळा होतो आणि समोरचा माणूस तोपर्यंत पुढे गेलेला असतो. साध्या कागदाच्या वहीला बॉलपेन, कारण मार्कर पानाच्या मागे उतरतो. आणि खाली धरायला एक कडक पुठ्ठा, हा सगळ्यात महत्त्वाचा, हवेत धरलेल्या कागदावर कोणालाच नीट सही करता येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे आमचा नियम, सही नाव घालून घ्यायची. "अमुकला, शुभेच्छांसह" अशी. पुष्कळ लोक नुसती सही मागतात कारण नाव असलेली सही विकायला गेलं तर किंमत कमी येते, आणि हे मोठ्या लोकांना चांगलं माहीत असतं. नील आर्मस्ट्राँगनी तर 1994 पासून सह्या देणं बंदच केलं होतं, त्यांच्या सह्यांचा बाजार झाला होता आणि खोट्याही फिरायला लागल्या होत्या. नाव घालून द्या म्हटलं की त्या माणसाला स्पेलिंग विचारावं लागतं, मान वर करून बघावं लागतं, आणि मला सहीतलं तेच तर हवं असतं.

संध्याकाळी सेसिल कोर्टात जाऊन आलो. चॅरिंग क्रॉस रोडवरून आत शिरणारी छोटी गल्ली आहे, दोन्ही बाजूंना जुनी पुस्तकं, नकाशे, प्रिंट्स. तिथे एका ठिकाणी जुना ऑटोग्राफ अल्बम बघायला मिळाला, तळहाताएवढा, पानं गुलाबी, फिकट हिरवी, निळी अशी आलटून पालटून. बऱ्याचशा सह्या रंगभूमीवरच्या लोकांच्या असाव्यात, शाईपेननं केलेल्या, एकानं सहीखाली हॅट घातलेला छोटा माणूस काढलेला. आणि प्रत्येक पानावर वर एकाच मुलीचं नाव. कोण होती माहीत नाही पण तिच्यासमोर थांबून इतक्या लोकांनी तिचं नाव लिहिलं होतं. भाची बराच वेळ ते उलटून बघत होती, मालकानं काही म्हटलं नाही.

मंगळवार

पहाटे उठून ट्यूबच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, डिस्ट्रिक्ट लाइननं साउथफील्ड्स स्टेशन. तिथून पायी विम्बल्डन पार्क, आणि पार्कात तिकिटांची ती प्रसिद्ध रांग. लोक रात्रभर छोटे तंबू टाकून झोपतात, पहाटे स्टुअर्ड येऊन उठवतात, तंबू आवरायला लावतात. रांगेतला तुमचा नंबर तुमचाच, दुसऱ्याला देता येत नाही, मध्ये घुसणं नाही, आणि इतकी माणसं असून आवाज म्हणाल तर गप्पांचा. आम्हाला सेंटर कोर्ट नकोच होतं, ग्राउंड पास, म्हणजे बाहेरच्या छोट्या कोर्टांचं तिकीट, हवा होता, आणि सह्यांसाठी तोच बरा, कारण मोठ्या कोर्टावर तुम्ही वर कुठेतरी बसता आणि खेळाडू आतल्या आत निघून जातात. बाहेरच्या कोर्टांवर खेळाडू आणि तुमच्यामध्ये कमरेएवढा कठडा असतो, बस.

दुसऱ्या आठवड्यात का आलो याचं कारणही इथेच आहे. पहिल्या आठवड्यात सामने भरपूर असतात पण जो खेळाडू हरतो तो तोंड पाडून जातो आणि जो जिंकतो त्याला पुढच्या मॅचची घाई. दुसऱ्या आठवड्यात इन्व्हिटेशन डबल्स असतात, म्हणजे जुने चॅम्पियन मंडळी खेळतात, हसत खेळत, प्रेक्षकांशी बोलत, आणि मॅच संपल्यावर कठड्यापाशी खरंच थांबतात. ज्युनियरच्या मॅचेसही चालू असतात. ज्युनियर खेळाडूंच्या सह्या बहुतेक लोक घेत नाहीत, मी भाचीला म्हटलं तू घे, त्यांना कोणी मागत नाही म्हणून ते सावकाश आणि वाचता येईल अशी सही करतात. एका मुलीनं, असेल सतरा वर्षांची, सही करून झाल्यावर भाचीलाच थँक यू म्हटलं.

टेनिस बॉलवर सही घ्यायची तर तिथे विकायला असतो तो मोठा बॉल घ्यावा. साध्या बॉलच्या लवेवर मार्करची रेघ फुटते आणि बॉल हातात फिरतो. आम्ही मोठा घेतला आणि भाचीनं तो दोन्ही हातांनी खालून घट्ट धरून ठेवला म्हणजे समोरच्याला एकाच हातानं सही करता येईल. हे तिचं तिनंच शोधून काढलं, बाकीची मुलं बॉल पुढे फेकल्यासारखा करत होती.

दुपारी एक जुनी चॅम्पियन डबल्स खेळून बाहेर आली. नाव लिहीत नाही, इथे कोणाचंच लिहिणार नाहीये, त्यांनी आम्हाला दोन मिनिटं दिली ती आमच्याशी बोलायला दिली. मी तिचे सामने लहानपणी टीव्हीवर बघितलेत. कठड्याला मुलांची गर्दी, मोठी माणसं मागे, हे तिथे कोणी न सांगता होतं आणि फार बरं वाटतं बघून. ती एका टोकापासून सुरू करून ओळीनं येत होती, कोणाला गाळत नव्हती, आणि भाचीपाशी आली तेव्हा भाची म्हणाली, प्लीज माझं नाव लिहाल का. त्यावर तिनं स्पेलिंग विचारलं, लिहिलं, मग म्हणाली, तू खेळतेस का? भाची म्हणाली, खेळते पण बॅकहँड नेटमध्ये जातो. मग त्या बाईंनी मार्कर उलटा धरून, रॅकेटसारखा, खांदा कसा आधी वळवायचा ते दाखवलं, कठड्याच्या पलीकडे उभं राहून, मागे एवढी मुलं थांबलेली. दहा सेकंदही लागले नसतील. पण मी सांगते, नुसती सही मागितली असती तर हे झालंच नसतं.

प्रॅक्टिस कोर्टं उत्तरेच्या बाजूला, ऑरँगी म्हणतात त्या भागात आहेत. तिकडून येता जाता मोठे खेळाडू दिसतात पण सोबत सिक्युरिटी, चाल भरभर, कानात हेडफोन. एकदोघांनी चालता चालता सह्या केल्या, नावबिव काही नाही, एक वेलांटी आणि एक रेघ. घेतल्या, ठेवल्यात, पण त्या पानांकडे भाची फारशी वळत नाही.

बुधवार

बुधवारी वेस्ट एंडमध्ये, म्हणजे लंडनच्या थिएटरांच्या भागात, बऱ्याच नाटकांचा मॅटिनी असतो, दुपारी एक शो आणि रात्री एक. आम्ही दुपारचं नाटक बघितलं आणि लगेच स्टेज डोअरला गेलो. स्टेज डोअर म्हणजे थिएटरच्या मागच्या किंवा बाजूच्या गल्लीतलं साधं दार, कलाकारांच्या ये-जा करण्याचं, वर छोटीशी पाटी, आत काउंटरमागे डोअरकीपर बसलेला. त्यांच्याशी अदबीनं बोलावं, त्यांना सगळं माहीत असतं. आमच्या डोअरकीपरकाकांनी सरळ सांगितलं, आत्ता थांबू नका, दोन शोच्या मध्ये बहुतेक सगळे झोप काढतात, रात्री या. म्हणून चार तास तिथे उभं राहण्याऐवजी आम्ही नदीवर चालून आलो.

रात्री आलो तेव्हा पाऊस. बारीक पण थांबायचं नाव नाही. बॅरिकेड लावलेलं, आमच्याआधी वीसेक लोक. काही थिएटरांत नोटीस असते की फक्त याच नाटकाच्या प्रोग्रॅमवर सही मिळेल, जुन्या सिनेमाचे फोटो आणू नका, आणि मला हा नियम मनापासून पटतो, अडीच तास घाम गाळून माणूस बाहेर येतो तेव्हा त्याच्यापुढे वीस वर्षांपूर्वीचा कुठला तरी फोटो धरायचा हे बरं नाही. आज केलं त्याबद्दल बोला की.

आता पावसाचं. मार्कर ओल्या कागदावर चालत नाही, शाई पसरते, आणि एकदा टोकात पाणी शिरलं की तो कोरड्यावरही धड उठत नाही. आम्ही प्रोग्रॅम पुठ्ठ्यासकट प्लॅस्टिकमध्ये घालून कोटाच्या आत धरलेला आणि माणूस पुढ्यात आल्यावरच बाहेर काढायचा, वरती मी छत्री धरायची. छत्री भाचीच्या डोक्यावर नाही, प्रोग्रॅमवर, असं तिनंच बजावून ठेवलेलं. "मावशी, मी वाळेन गं, हा नाही वाळणार!"

आधी छोट्या भूमिका करणारे बाहेर येतात. बॅरिकेडवरचे लोक त्यांच्याकडे बघतही नाहीत, सगळे मुख्य नटाची वाट बघत मोबाईल वर धरून उभे. हे मला फार लागतं. नाटकात तिसऱ्या अंकात फक्त एक प्रवेश असलेला म्हातारा नट, त्या प्रवेशात त्यानं कप बशीत ठेवताना हात असा थरथरवला होता की अख्खं थिएटर चिडीचूप झालं, तो माणूस कॉलर वर करून कडेनं निघून चाललेला. भाचीनं हाक मारली. सर, तुमचा तो कप! एवढंच म्हणाली. तो थांबला, परत आला, छत्रीखाली शिरला आणि विचारलं काय झालं कपाचं? ती म्हणाली मला वाटलं पडणार. मग त्यानं सांगितलं की रिहर्सलच्या वेळी खरंच पडला होता, त्यावरून ते सुचलं आणि ठेवलं. प्रोग्रॅमवर तिचं नाव लिहिलं, खाली सही, आणि शेजारी बशीतला कप काढून दिला. सोमवारच्या त्या जुन्या अल्बममधल्या हॅटवाल्या माणसाची भाचीला लगेच आठवण झाली.

मुख्य नटही आला, सगळ्यांना सह्या दिल्या, पावसात बराच वेळ थांबला, आमच्याही प्रोग्रॅमवर नाव घालून मिळाली. चांगला माणूस. पण परत येताना ट्यूबमध्ये सगळं बोलणं त्या कपाचंच.

गुरुवार

लेस्टर स्क्वेअरला सिनेमाचा प्रीमियर. याबद्दल लोक जास्त विचारतात म्हणून लिहिते, नाहीतर मला स्वतःला यात कमी रस आहे.

मोठ्या प्रीमियरला सकाळीच जावं लागतं, कधी कधी मनगटावर पट्टी बांधून नंबर देतात आणि नंतर त्या क्रमानं कुंपणात सोडतात, लोक आदल्या रात्रीपासूनही बसतात. कुंपणात गेल्यावर बाहेर पडायची सोय नाही, पडलात तर जागा गेली. संध्याकाळी गाड्या येतात, नट उतरतात, थोडा वेळ कुंपणाच्या कडेनं चालत सह्या, सेल्फी, मग प्रेस, मग आत. त्यात तुमच्या वाट्याला सेकंदभर आला तर आला.

इथे बॅरिकेडला पहिल्या ओळीत अर्धे लोक विक्रीवाले असतात. हातात एकाच नटाचे दहा-बारा फोटो, दहा बाय आठ इंचाचे, सगळे चकचकीत, बोटांत चार मार्कर. त्यांच्यातला एक जण भाचीला म्हणाला, बाळा, माझाही एक फोटो पुढे कर ना, लहान मुलांना ते नाही म्हणत नाहीत, तुला पैसे देतो. मी त्याला स्पष्ट नाही म्हटलं. भाचीनं मला नंतर विचारलं की यात चूक काय, आणि प्रश्न योग्य होता तिचा, तिथे उभं राहूनच बोललो आम्ही. सही विकणं हा काही गुन्हा नाही. महात्मा गांधी स्वतः सहीचे 5 रुपये घ्यायचे, पण उघडपणे, हरिजन फंडासाठी, देणाऱ्याला माहीत असायचं पैसे कुठे जातात. चाहत्यांच्या मोठमोठ्या कन्व्हेन्शनमध्ये आजही नट मंडळी टेबल मांडून, दर लावून सह्या देतात, तेही सरळ आहे. पण समोरच्याला वाटणार की मी एका मुलीला सही देतोय आणि ती जाणार दुसऱ्याच्या गठ्ठ्यात, हे सरळ नाही.

आमच्या बाजूला एकच नट आला. लोक इतके ओरडत होते की नाव सांगणं शक्यच नव्हतं, त्यामुळे भाचीनं पुठ्ठ्यावर वरच्या कोपऱ्यात चिकट चिठ्ठी लावून तिचं नाव मोठ्या अक्षरात लिहून ठेवलेलं. त्यानं ते वाचलं, लिहिलं, पुढे गेला. चिठ्ठीची ही युक्ती लक्षात ठेवा, गर्दीत हाच उपाय. दुसरी एक नटी आमच्यासमोरून हात हलवत थेट आत गेली. शेजारचे लोक चिडले, वाईट बोलले तिच्याबद्दल. मला नाही पटलं. तिला आत वेळेवर जायचं असेल, बरं नसेल, नकोही वाटत असेल. नाही म्हणायचा हक्क तिचा आहे. हॉलिवूडच्या पॉल न्यूमननं सह्या देणंच का सोडलं तर एक जण बाथरूममध्ये तो उभा असताना कागद पेन घेऊन पुढ्यात आला, हा त्यानंच सांगितलेला किस्सा. जेवताना, मुलांबरोबर असताना, दवाखान्यात, अशा ठिकाणी आम्ही कोणाकडेच जात नाही, कितीही मोठा माणूस दिसला तरी.

शुक्रवार

आज सह्या नाहीत. सकाळी लॉर्ड्सची टूर केली. पाहुण्या टीमच्या ड्रेसिंग रूममध्ये ऑनर्स बोर्ड आहे, इथे कसोटी शतक ठोकणाऱ्यांची नावं असलेला, त्यावर वेंगसरकरांचं नाव तीनदा, 1979, 1982, 1986. विनू मांकड 1952. सचिन नाही, लॉर्ड्सवर कसोटीत त्याचं शतक झालंच नाही, आणि भाचीला ते मान्यच होईना. सही केलेल्या बॅटींचा विषय निघाला तेव्हा मी तिला सांगितलं की पूर्ण टीमच्या सह्या असलेली बॅट घेताना जपून, पूर्वी ड्रेसिंग रूममध्ये एखादाच जण बाकी दोघातिघांच्या सह्या ठोकून द्यायचा, असं संग्राहक नेहमी सांगतात.

दुपारी ब्रिटिश लायब्ररी. शेक्सपिअरच्या खात्रीच्या मानल्या जातात अशा सह्या जगात सहाच, आणि सहाही कायदेशीर कागदांवर. तीन मृत्युपत्रावर, एक 1612 च्या साक्षीवर, दोन 1613 च्या घरखरेदीच्या कागदांवर, त्यातला गहाणखताचा कागद या लायब्ररीकडे आहे. प्रत्येक ठिकाणी नाव वेगळ्या तऱ्हेनं लिहिलेलं आणि आज आपण लिहितो तसं एकदाही नाही. एवढा मोठा माणूस, आणि त्याच्या हातचं कोणा चाहत्याला लिहून दिलेलं एक अक्षर शिल्लक नाही. ट्रेझर्स गॅलरीत हस्तलिखितं बघायला तिकीट नाही, सह्यांची आवड असेल तर चुकवू नका, खोडलेल्या ओळी बघताना हात कसा चालला असेल ते कळतं.

शनिवार

दुसरं नाटक, रात्रीचा शो, कोरडी हवा. शनिवारी बाहेर गर्दी जास्त पण कलाकार थोडे निवांत, बहुतेकांना रविवारी सुट्टी असते.

यातल्या मुख्य नटीचं काम मी आधीपासून बघत आलेय. भाची माझ्यापुढे होती. तिनं प्रोग्रॅम पुढे केला, नाव सांगितलं, आणि त्या बाईंनी स्पेलिंग ऐकताना मार्कर थांबवला आणि विचारलं, तुझ्या भाषेत हे असंच लिहितात? भाची म्हणाली नाही, आमची लिपी वेगळी आहे. मग लिहून दाखव. भाचीनं पुठ्ठ्याच्या कोपऱ्यावर देवनागरीत नाव लिहिलं. बाईंनी ते बघून बघून प्रोग्रॅमवर उतरवायला घेतलं, अक्षरं एकेक करून, चित्र काढल्यासारखी, वेलांटी चुकीच्या बाजूनं सुरू केली पण बरोबर ठिकाणी आणली, आणि शिरोरेघ राहिलीच होती तर भाची म्हणाली, वरती रेघ. त्यांनी शेवटी ती एका दमात ओढली आणि मोठ्यानं हसल्या. मागून सिक्युरिटीवाला घाई करत होता, त्याला हातानंच थांब म्हणाल्या. मग खाली इंग्लिशमध्ये सही. माझ्या प्रोग्रॅमवरही सही झाली, इंग्लिश नाव घालून, मला तेवढं पुष्कळ झालं.

मी त्यांना एवढंच सांगितलं की दुसऱ्या अंकात तुम्ही दाराकडे पाठ करून उभ्या राहता तेव्हा पाठीवरून कळतं की बाई रडतेय. त्यांनी माझा हात हातात घेतला. बास.

रविवार

आवराआवर. सगळ्या सह्या टेबलावर मांडल्या आणि प्रत्येकीच्या मागे पेन्सिलनं, पेननं नाही, तारीख, ठिकाण आणि काय बोलणं झालं ते दोन ओळीत लिहिलं. हे घरी जाऊन करू म्हटलं तर राहतं आणि दोन वर्षांनी कुठली सही कुठे घेतली ते आठवत नाही. मार्करच्या सह्या उन्हात उडतात म्हणून भिंतीवर लावायच्या असतील तर ऊन न येणारी भिंत, नाहीतर आम्लविरहित प्लॅस्टिकच्या पाकिटात, एका पाकिटात एकच, समोरासमोर ठेवलेले चकचकीत फोटो एकमेकांना चिकटतात.

भाचीला आता सगळ्यांना पत्रं पाठवून सह्या मागवायच्या आहेत. मी म्हटलं पाठव, जरूर पाठव, ब्रॅडमनसारखी माणसं म्हातारपणीही टपालानं आलेल्या गठ्ठ्यांवर सह्या करत बसायची. पण टपालानं येते ती कधी सेक्रेटरीची असते, कधी मशीनची, ऑटोपेन म्हणतात ते यंत्र हुबेहूब सही काढतं, आणि प्रत्येक सही दुसरीवर ठेवली तर तंतोतंत बसते, खऱ्या हाताच्या दोन सह्या कधीच बसत नाहीत. तिनं लगेच त्या नटीच्या दोन्ही सह्या, तिची आणि माझी, खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून बघितल्या. नाही बसल्या. मग त्या म्हाताऱ्या नटाला पहिलं पत्र लिहायला बसली, थिएटरच्या पत्त्यावर, त्यात विचारलंय की रिहर्सलला पडला तो कप फुटला होता का.